शाळेआधीची शाळा : ताराबाई मोडक



या स्मरणिकेत आपल्या शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ जण आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. म्हणून मी शाळेच्या आधीच्या शाळेबद्दल लिहायचे ठरवले. त्याला कारण आहे. आपल्यापैकी काहींची मुले आता कॉलेजात आहेत, पण काहींच्या घरी अजून अडीच-तीन वर्षांचे लेकरू आहे. आपल्या बाई आणि सर आजी-आजोबा झाले आहेत. भेट झाली, फोन झाला की एक प्रश्न हमखास निघतो. नर्सरीत घालायच्या आधी मुलाला घरी काय शिकवायचे? एबीसीडी यायला हवी का? शंभरपर्यंत आकडे पाठ करून घ्यावेत का? शेजारच्या मुलाला येते, आमच्याला येत नाही, तर तो मागे पडेल का?

हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी बाईने त्याला सगळे आयुष्य दिले. त्यांच्या लग्नाच्या संसाराची वर्षे आपल्या विदर्भात, अमरावतीत गेली. त्यांच्या कामातून आलेला एक शब्द तर आपण राजुऱ्यात रोज वापरतो. तो शब्द म्हणजे अंगणवाडी, आणि त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, माझे काम संगणकाचे. पण ताराबाईंचे आयुष्य समजून घेतले तर वरच्या प्रश्नांची उत्तरे बरीचशी सापडतात, म्हणून ते इथे थोडक्यात सांगते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. मुलींना शिकवावे की नाही यावर गावोगाव वाद चालले होते त्या काळात या घरात मुलीने शिकणे गृहीत होते. ताराबाई मुंबई विद्यापीठातून १९१४ साली बी. ए. झाल्या. तेव्हा पदवीधर बाई म्हणजे लोक वळून पाहायचे. १९१५ साली अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि त्या वऱ्हाडात आल्या. अमरावती त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होती. आपला राजुरा तर वर्धा नदीच्या अलीकडे, निजामाच्या राज्यात होता. नदी ओलांडली की राज्य बदलत असे.

संसार टिकला नाही. १९२१ साली ताराबाई पतीपासून कायमच्या वेगळ्या झाल्या. पदरी लहानगी मुलगी, प्रभा. आजही घटस्फोट घेतलेल्या बाईकडे गाव कसे पाहते हे आपल्याला माहीत आहे. १९२१ साली काय असेल याचा अंदाज करावा. ताराबाईंनी माहेरी बसून राहण्याऐवजी नोकरी धरली आणि तीही महाराष्ट्राबाहेर, काठेवाडात. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. तिथे मुलींना शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण दिले जाई.

म्हणजे परिस्थिती अशी, की दिवसभर त्या दुसऱ्यांना कसे शिकवावे हे शिकवत होत्या आणि घरी त्यांचे स्वतःचे लेकरू वाढत होते. त्या लेकरासाठी त्या काळच्या शाळेत काही नव्हते. पाच-सहा वर्षांचे मूल शाळेत जाई, पाटीवर मुळाक्षरे गिरवी आणि चुकले की छडी खाई. त्याआधीची वर्षे कोणाच्याच हिशेबात नव्हती. ती आईची, आजीची, अंगणाची वर्षे. त्यात शिक्षण असते असे कोणी मानत नसे. अशा वेळी भावनगरला एक वेगळे बालमंदिर चालले आहे असे ताराबाईंना कळले. आपल्या मुलीचा विचार मनात होताच. चांगल्या पगाराची, मानाची प्राचार्यपदाची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या.

भावनगरला कोण होते? गिजुभाई बधेका. त्यांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. तेही वकील. त्यांनाही स्वतःच्या मुलानेच या वाटेला लावले. १९१३ साली मुलगा झाला आणि याला वाढवायचे कसे या विचाराने ते पुस्तके शोधू लागले. त्यातून मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टर बाईंच्या पद्धतीची त्यांना ओळख झाली. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर मोकळी फिरणाऱ्या मुलांसाठी पहिले बालगृह काढले होते. पुढे जगभर श्रीमंतांच्या शाळांना त्यांचे नाव लागले, पण सुरुवात मजुरांच्या चाळीत झाली हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गिजुभाईंनी वकिली सोडली, दक्षिणामूर्ती या संस्थेत आले आणि १९२० साली तिथे बालमंदिर सुरू केले. गुजरातेत लोक त्यांना प्रेमाने मिशावाली आई म्हणत.

एका वकील बापाने आणि एका एकट्या आईने मिळून हे काम पुढची काही वर्षे केले. दोघेही आपल्या घरातल्या मुलापासून सुरुवात करून सगळ्यांच्या मुलांपर्यंत पोहोचले. ताराबाईंच्या आयुष्याचा गाभा मला यातच दिसतो.

भावनगरच्या बालमंदिरात काय चालायचे ते जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या घरच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. तिथे मार नव्हता आणि बक्षीसही नव्हते. मूल एखादे काम निवडी, जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करी आणि मन भरले की ठेवून देई. कामे साधी असत. पाणी न सांडता एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे, झाडणे, पुसणे, घडी घालणे, गुंडी लावणे. मोठ्यांच्या दृष्टीने ही कामे आहेत, मुलाच्या दृष्टीने हाच अभ्यास. यात हात स्थिर होतो, डोळा आणि हात एकमेकांना धरून चालायला शिकतात, एक काम पुरे करण्याची सवय लागते.

माँटेसरीच्या साधनांत लाकडी दंडगोलांचे ठोकळे असतात. एका ठोकळ्यात दहा खाचा, प्रत्येक खाचेत बरोबर मापाचा एक दंडगोल आणि त्याला वर धरायला बारीकशी मूठ. ती मूठ मूल अंगठा आणि दोन बोटांनी धरते. पेन्सिल धरायची पकडही हीच. म्हणजे मूल वरवर पाहता खेळत असते, लहान-मोठे ओळखत असते आणि त्याच वेळी त्याची बोटे लिहिण्यासाठी तयार होत असतात. नंतर खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे येतात. त्यांवरून बोट फिरवत मूल अक्षराचा आकार ओळखते आणि सोबत त्याचा उच्चार ऐकते. मग एक दिवस ते आपणहून खडू घेऊन लिहू लागते. तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर बसवून, त्याचा हात आपल्या हातात घट्ट धरून अ गिरवून घेण्याची गरज उरत नाही.

गिजुभाई आणि ताराबाईंनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. माँटेसरीबाईंना लहान मुलांसाठी परीकथा, कल्पित गोष्टी फारशा पसंत नव्हत्या. आपल्याकडे गोष्टीशिवाय मूल झोपत नाही. भावनगरला गोष्टींना, गाण्यांना आणि नाटकाला मोठी जागा मिळाली. आजी रात्री अंगणात खाटेवर सांगते ती गोष्ट शिक्षणाचा भाग झाली.

बालमंदिराच्या भिंतीत काम कोंडून ठेवायचे नाही हे दोघांनी ओळखले होते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका हे मासिक गुजरातीत निघत होते, १९३३ पासून ते मराठीतही निघू लागले आणि त्याचे संपादन ताराबाईंनी पुष्कळ वर्षे सांभाळले. या लिखाणातला मोठा भाग पालकांसाठी होता. कारण मूल बालमंदिरात तीन-चार तास असते, उरलेला सगळा वेळ घरी. बालमंदिरात त्याला स्वतः पाणी घेऊ द्यायचे आणि घरी पेल्याला हात लावला की ओरडायचे, असे झाले तर बालमंदिराचा उपयोग काय?

पुढे ताराबाई मुंबईत आल्या. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाला. सोबत बालशिक्षिका तयार करण्याचे कामही सुरू झाले. लहान मुलांना शिकवायला कमी शिकलेली बाईही चालते, हा समज त्यांनी मोडून काढला. त्यांच्या मते सगळ्यांत लहान मुलासाठी सगळ्यांत तयार शिक्षिका हवी होती. दादरचा पालकवर्ग शिकलेला, नोकरदार. मुलाने लवकर वाचावे-लिहावे याची ओढ अशाच घरांत सर्वांत जास्त असते. ती ओढ आज राजुऱ्यातही आली आहे आणि पुण्या-मुंबईत, परदेशात गेलेल्या आपल्या वर्गमित्रांच्या घरीही आहे.

इथवरची गोष्ट शहरातल्या एका यशस्वी शिक्षणसंस्थेची झाली. ताराबाई इथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांच्या मनात एक गोष्ट सलत होती. माँटेसरीची साधने महाग. पॉलिश केलेले लाकूड, अचूक माप. फी परवडणाऱ्यांच्या मुलांपर्यंतच ही पद्धत पोहोचत होती. रोमच्या मजूरवस्तीत जन्मलेली पद्धत भारतात बंगल्यांमध्ये शिरत होती. याच काळात सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमचा विचार सुरू होता. १९४५ च्या सुमारास त्यात सात वर्षांखालच्या मुलांचाही समावेश झाला. खेड्यातल्या मुलाला परवडेल असे बालशिक्षण करून दाखवायचे, असे ताराबाईंनी ठरवले. त्या वेळी त्यांचे वय ५३ होते.

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डी म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, समुद्रकाठी. आसपास वारल्यांचे पाडे. जमीन सावकार-जमीनदारांच्या ताब्यात, वेठबिगारी चालू. याच १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले होते. ज्या पाड्यांवर पोटाला पुरेसे नव्हते तिथे बालशिक्षणाची गोष्ट करणे सोपे नव्हते.

ताराबाईंना इथे जी सोबत मिळाली ती अनुताई वाघ यांची. अनुताई १९१० सालच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालेल्या. दोघींच्या वयात १८ वर्षांचे अंतर. एक पतीपासून वेगळी झालेली, दुसरी बालविधवा. समाजाने ज्यांना संसाराबाहेर ठेवले अशा दोन बायकांनी हजारो मुलांचा संसार मांडला. ताराबाईंची दृष्टी आणि अनुताईंचे रोज पाड्यावर जाणे, असे ते काम उभे राहिले.

पहिला धडा मुलांनीच दिला. बालवाडी उघडली तरी मुले येईनात. बाहेरची माणसे पाहिली की पळून जात. आईबाप पहाटे कामाला गेलेले. मग बालवाडीच पाड्यावर न्यायचे ठरले. कोणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडायचे, सारवायचे, तिथेच मुले जमवायची. हीच अंगणवाडी. मुलाला त्याच्या घरातून उचलून शाळेत नेण्यापेक्षा शाळा त्याच्या अंगणात आणून बसवली.

अंगणात बसल्यावर खरी अडचण कळली. शिकवायच्या आधी मुलांना आंघोळ घालावी लागे, केस विंचरावे लागत, नखे कापावी लागत, खरूज-जखमा धुवाव्या लागत. त्यांनी हे सगळे शिक्षणाच्या आधीचे काम मानले नाही, हाच पहिला पाठ मानला. रोज धुतलेल्या हाताची सवय ज्याला लागली तो काही तरी शिकलाच.

साधने तिथलीच झाली. चिंचोके, शंख-शिंपले, दगड, पाने, फुले, काड्या, माती, बांबू. मोजायला बिया, रंग ओळखायला पाने-फुले, आकारांना दगड, कलेला माती. महागड्या साधनाने जे साधायचे ते काय आहे हे नीट कळले की त्याजागी फुकटची वस्तू ठेवता येते. मी स्वतः अभियंता आहे, मला ताराबाईंच्या कामातली ही बाजू फार मोठी वाटते. साधनाची नक्कल करणे सोपे, त्या साधनामागचा हेतू पकडून तो तीन पैशांत साधणे अवघड. त्यांनी ते केले.

१९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथे आणखी एक गोष्ट पुढे आली. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. आई मजुरीला गेलेली. भावाला टाकून ती येणार कशी? यावर ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली. धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत, थोरली वर्गात. याला त्यांनी विकासवाडी म्हटले. दहा-बारा वर्षांची मुले गुरे घेऊन रानात जात, तर शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेला. गुरे चरतात, मुले झाडाखाली शिकतात, ती कुरणशाळा. मूल शाळेत का येत नाही याचे उत्तर मुलाच्या आळसात न शोधता त्याच्या घरच्या परिस्थितीत शोधायचे आणि मग शाळाच त्या परिस्थितीप्रमाणे बदलायची, अशी ही रीत.

मधल्या काळात ताराबाई मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या सदस्यही होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण त्यांचा मुक्काम कोसबादच राहिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी ते काम पुढे १९९२ पर्यंत, स्वतःच्या निधनापर्यंत चालवले.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. केरळातही अंगणवाडी आणि आसामातही अंगणवाडी. एका पाड्याच्या सारवलेल्या अंगणातली कल्पना देशभर गेली.

आता आपल्या गावाकडे येते. राजुरा, कोरपना, जिवती भागात आपल्याभोवती गोंडांचे गुडे आहेत, कोलामांचे पोड आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. घरात कोलामी किंवा गोंडी, बाजारात तेलुगू आणि मराठी, शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी. आपल्या आजी-आजोबांच्या वेळी निजामाच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे घरची भाषा एक आणि कागदाची दुसरी हा अनुभव या तालुक्याला नवा नाही. पण तीन वर्षांच्या मुलाचे तसे नसते. त्याच्या डोक्यात पाण्याला, आईला, भुकेला एकच शब्द असतो, घरातला. त्या शब्दाने त्याच्याशी बोलले नाही तर ते गप्प बसते, आणि गप्प मूल मठ्ठ आहे असा शिक्का बसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा धरला आहे आणि लहान मुलाला घरच्या भाषेत शिकवण्यावर भर दिला आहे. बोर्डी-कोसबादला वारली मुलांबरोबर त्यांच्याच बोलीतून सुरुवात करावी लागते हे त्या दोघींनी त्याआधी किती तरी वर्षे अनुभवाने ओळखले होते.

आणि दुसरीकडे आपण, नदीकाठच्या गावातली, खाणीत, सिमेंट कारखान्यात, बँकेत, शाळेत नोकरी करणारी शिकलेली माणसे. आपल्याकडे अन्न आहे, औषध आहे, पुस्तके आहेत. आपल्या लेकराला जे मिळत नाही ते म्हणजे मोकळे अंगण आणि मोठ्या माणसाचा वेळ. त्याऐवजी त्याला वही मिळते, मोबाईलवरची गाणी मिळतात आणि तिसऱ्या वर्षी शिकवणी. ताराबाईंच्या आयुष्याकडे पाहून मी आपल्या घरांसाठी काढलेला अर्थ असा.

घरी शिकवायचे म्हणजे नर्सरीचा अभ्यासक्रम एक वर्ष आधी सुरू करायचा नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला घरातले काम द्यायचे. भाजी निवडताना शेजारी बसवून वाटाणे सोलू द्यायचे. तांब्यातून पेल्यात पाणी ओतू द्यायचे, सांडले तर पुसायला फडके त्याच्याच हाती द्यायचे. धुतलेल्या कपड्यांतून आपले आणि बाबाचे वेगळे काढू द्यायचे. यात वर्गीकरण आहे, मोजणी आहे, भाषा आहे. चिंचोके, मोहाच्या बिया, सागाची सुकी पाने आपल्याकडे फुकट आहेत. बियांशी खेळताना मात्र जवळ बसायचे, कारण या वयाची मुले बी तोंडात, नाकात घालतात. वावरात नेले तर कापसाचे बोंड, सोयाबीनची शेंग, बैल, बंडी, प्रत्येकाचे नाव सांगायचे. रात्री गोष्ट सांगायची, तीच ती गोष्ट पुन्हा मागितली तर पुन्हा सांगायची. आजी-आजोबांच्या बोलीत सांगितली तर अधिक चांगले. मुलाचे काम हळू चालते, त्याची घाई करायची नाही. बूट घालायला त्याला दहा मिनिटे लागली तर आपण दहा मिनिटे आधी उठायचे. अक्षरे येतील, तो लिहीलही. त्याआधी त्याची बोटे, त्याचे कान आणि त्याचा धीर तयार व्हायला हवा.

हे सगळे करायला आईबाप घरी हवेत हे खरे. आपल्यापैकी दोघेही नोकरी करणारे पुष्कळ आहेत. आणि जंगलालगतच्या गावात मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात अख्खे घर पहाटेच रानात जाते. म्हणून नुसते घर पुरत नाही, हा ताराबाईंच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग आहे. एका घरापासून सुरुवात करून त्या पाळणाघरापर्यंत गेल्या, कारण प्रत्येक आईला घरी बसता येत नाही आणि प्रत्येक मुलाला बालपण मात्र हवेच असते.

आपल्या वर्गातल्या काही मैत्रिणी आज अंगणवाडी सेविका आहेत, काही जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहेत. त्यांच्या कामाबद्दल आपण फारसे बोलत नाही. अंगणवाडीकडून सहा सेवांची अपेक्षा आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारासाठी पाठवणे, आहार-आरोग्याची माहिती आणि शालेयपूर्व शिक्षण. शेवटची सेवा ती, जिच्यासाठी ताराबाईंनी हे सुरू केले होते. पण वजने घ्यायची, आहार वाटायचा, रजिस्टर भरायचे, आता पोषण ट्रॅकरच्या मोबाईल ॲपवर माहिती भरायची, यातून मुलांसमोर बसायला उरतो तो वेळ थोडा. मी ॲप बनवणाऱ्यांपैकीच आहे. आमच्या पडद्यावर एक रकाना वाढवणे दोन मिनिटांचे काम असते. तो रकाना रोज तीस मुलांसाठी भरायला लागणारा वेळ कोणा सेविकेच्या गोष्ट सांगण्याच्या वेळातून जातो, हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी लक्षात ठेवायला हवे.

शेवटी एक सूचना. मेळाव्याच्या निमित्ताने आपण निधी जमवतो आणि शाळेला काही भेट देतो. ते चांगलेच आहे. यंदा त्यातला काही भाग आपल्या वर्गमैत्रिणी जिथे काम करतात त्या अंगणवाड्यांसाठी ठेवावा असे मला वाटते. काय द्यायचे हे आपण ठरवू नये, त्यांनाच विचारावे. कोणाला सतरंजी हवी असेल, कोणाला मातीकामासाठी जागा, कोणाला चित्रांची पुस्तके, कोणाला कुंपण. आणि आपल्यापैकी जे गावातच राहतात त्यांनी महिन्यातून एकदा तिथे जाऊन गोष्ट सांगावी. ज्यांना गोंडी, कोलामी किंवा तेलुगू येते त्यांनी तर नक्कीच. निवृत्त झालेल्या आपल्या बाई आणि सरांना हे काम सर्वांत चांगले जमेल, आणि त्यांची गोष्ट ऐकायला आम्हीही मागे येऊन बसू.